प्रेरणेचा अभ्यास आणि टाळ्यांचा धंदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत गेल्या आठवड्यात मानसशास्त्रातल्या संधींवर पानभर लेख आला. समुपदेशन, क्लिनिकल, शाळा, क्रीडा या वाटा नीट सांगितल्या आहेत. माझी तक्रार शेवटच्या चौकटीबद्दल आहे. मथळा ‘कामाच्या ठिकाणची प्रेरणा’, खाली गालापाशी माइक लावून दोन्ही हात पसरलेल्या एका सद्गृहस्थांचा फोटो, आणि मजकूर असा की मानसशास्त्राची पदवी घेऊन ‘मोटिव्हेशनल स्पीकर’ होता येतं, एकेका भाषणाचे भरघोस पैसे मिळतात, वक्तृत्व हवं. बस्स. हृदयरोगतज्ज्ञाच्या चौकटीत योगशिबिर घेणाऱ्या बुवांचा फोटो छापावा, त्यातली ही गत झाली.

मी एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर, होते. भाची कालिन्याला मुंबई विद्यापीठात औद्योगिक मानसशास्त्रात एम. ए. करते, आणि तिच्या घरी टेबल टाकायला जागा नसल्यामुळे तिची पुस्तकं आणि झेरॉक्सचे गठ्ठे माझ्याकडे असतात. दुपारी मला वेळ असतो. मी ते वाचते, संध्याकाळी तिच्याशी वाद घालते. तेव्हा या पत्रातलं शास्त्र तिचं आणि हट्ट माझा, असं समजावं.

त्या फोटोतल्यासारखे एक सद्गृहस्थ आमच्या वाट्यालाही आले होते. फेब्रुवारीतला रविवार, मार्च एंडिंग तोंडावर, दादरचा एक हॉल. विभागातल्या सगळ्या शाखांना हजेरी सक्तीची. तीन तास ते बोलले. शेजारच्याच्या पाठीवर थाप मारा, डोळे मिटून यश बघा, उभे राहून स्वतःला टाळी द्या. शेवटी ढोल-ताशाची गाणी लावून नाचायला लावलं. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असायची आणि ती घरी ठेवायची नाही असा माझा दंडक. तेव्हा किल्ली पर्समध्ये, पर्स काखेत घट्ट धरलेली, आणि मी नाचतेय असं ते दृश्य. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती ते हेड कॅशियर माझ्यापासून चार हातांवर खिसा दाबून नाचत होते. सोमवारी शाखेत गेलो तर तेच टार्गेट, तीच रांग, आणि पासबुक छापायचं मशीन तसंच बंद.

त्या भाषणात डबेवाल्यांची गोष्ट होतीच. मुंबईत असं भाषण त्यांच्याशिवाय पुरं होत नाही. पांढरी टोपी, लोकलचा मालडबा, डब्यांवरच्या खुणा, न चुकणारा माल, मग ‘त्यांना जमतं तर तुम्हाला का नाही?’ वक्त्याने एकच गोष्ट गाळली. डबेवाला कोणाचा पगारी नोकर नाही. तो आपल्या गटाचा भागीदार असतो, गटाचं उत्पन्न साधारण सारखं वाटून घेतलं जातं, आणि गिऱ्हाईक सांभाळायचं कसं ते गट स्वतः ठरवतो. वरून कोणी टार्गेट पाठवत नाही. म्हणजे जी गोष्ट काम कसं बांधलंय याची होती, ती आम्हाला मनगटातल्या जोराची म्हणून विकली गेली. कामाच्या मानसशास्त्रज्ञाचा धंदा नेमका याच्या उलट. तो माणसाला चेतवत बसत नाही. माणूस थंड का पडला हे बघायला कामाकडे जातो.

एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. १९६९ च्या सुमारास पिट्सबर्गला पीएच. डी. करताना त्यांनी एक साधा प्रयोग केला. सोमा नावाचं एक कोडं असतं. सात वेडेवाकडे तुकडे, ते जुळवून कागदावर दाखवलेला आकार करायचा. सोडवायला बसलं की हातातून सोडवत नाही. डेसींनी विद्यार्थ्यांना एकेकट्याला तीन बैठकींसाठी बोलावलं. दुसऱ्या बैठकीत निम्म्यांना सांगितलं, सुटलेल्या प्रत्येक आकारामागे एक डॉलर मिळेल. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद. खरा प्रयोग मात्र मधल्या आठ मिनिटांत होता. प्रत्येक बैठकीत ते काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचे आणि काचेआडून बघायचे. टेबलावर मासिकं ठेवलेली, कोडंही पडलेलं, मुलगा मोकळा. ज्यांना पैसे कधीच मिळाले नव्हते ते आपले खेळत राहत. ज्यांना आदल्या खेपेला पैसे मिळाले होते, त्यांची तिसऱ्या खेपेला कोड्यावरची ओढ उतरलेली दिसली.

१९७१ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना पटलं नाही. बक्षीस दिलं की काम वाढतं, हे तेव्हा मानसशास्त्रातही गृहीत धरलेलं होतं. डेसी पुढे रॉचेस्टर विद्यापीठात गेले, रिचर्ड रायन त्यांना तिथे भेटले, आणि दोघांनी जन्मभर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९९९ मध्ये त्यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. आधी कबूल केलेलं रोख बक्षीस मुळातल्या आवडीला मारतं, मनापासून दिलेली शाबासकी मारत नाही, असा साधारण निष्कर्ष. विरोधकही तेवढेच चिवट, त्यांचे हिशोब वेगळे. पण बघा, एका माणसाची कारकीर्द आठ मिनिटांच्या मोकळ्या वेळात काय होतं या प्रश्नावर उभी राहिली. तुमच्या चौकटीत या धंद्याचा मागमूस नाही.

हे वाचताना मला आमच्या शाखेतला एक क्लार्क डोळ्यांसमोर आला. पेन्शनचं टेबल त्याच्याकडे. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांची रीघ लागायची. हा प्रत्येकाला नावानिशी ओळखायचा. अर्ज स्वतः भरून द्यायचा, ज्यांचा अंगठा त्यांना शाईचा पॅड पुढे सरकवायचा आणि बोट पुसायला स्वतःच्या ड्रॉवरमधलं जुनं फडकं द्यायचा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी काउंटर बंद झाला की लेजर घेऊन बसायचा आणि न आलेल्यांना फोन लावायचा. “काकू, अजून आला नाहीत. पुढच्या महिन्याची पेन्शन अडकेल हां.” हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याचा एक पैसा मिळत नव्हता. कोणी आजारी निघालं तर घरी जाताना वाट वाकडी करून सही घेऊन यायचा.

मग बँकेने विमा विकायला घेतला. एका वर्षी स्पर्धा लागली. प्रत्येक पॉलिसीमागे गुण, गुणांवर बक्षिसं, पहिल्या नंबरला सहकुटुंब परदेशवारी. सगळ्यात जास्त माणसं कोणाच्या टेबलाशी येतात? याच्या. मॅनेजरसाहेबांनी त्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं. त्याने विकल्याही. मुदत ठेव नव्याने करायला आलेली एक बाई हप्त्याची पॉलिसी घेऊन गेली, आणि पुढच्या वर्षी दुसरा हप्ता कुठून भरू विचारत परत आली तेव्हा हा चहाला निघून गेला. त्याला परदेश मिळाला नाही, चाकांची बॅग मिळाली. पुढे ती स्पर्धा वरूनच बंद झाली. मला वाटलं, सुटलो. नोव्हेंबर आला, शेवटचा आठवडा आला. मी विचारलं, “फोन नाही लावलेस या वर्षी?” तो म्हणाला, “मॅडम, वरून काही आलंय का तसं?”

भाची म्हणते, मावशी, एका माणसावरून शास्त्र होत नाही. त्याच्या घरचं काही असेल, वय झालं असेल. बरोबर आहे. म्हणूनच तर शास्त्र शिकलेलं माणूस तिथे हवं होतं. आमच्याकडे त्या वर्षी बक्षिसावर पैसे गेले, दादरच्या हॉलवर गेले, ढोलावर गेले. एखादी मुलगी आठवडाभर पेन्शनच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसली असती, तर या सगळ्याच्या मानाने फुकटात पडली असती.

फ्रेडरिक हर्झबर्ग हे नाव निदान एमबीएवाल्यांना माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असताना त्यांनी डाखाऊची छळछावणी पाहिली, परत येऊन मानसशास्त्र शिकले. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकच विचारलं: कामावर विशेष बरं वाटलं असा प्रसंग सांगा, विशेष वाईट वाटलं असा सांगा. १९५९ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, पगार, नियम, साहेबाचं वागणं, बसायची जागा या गोष्टी धड नसल्या की माणूस वैतागतो, पण त्या धड झाल्या म्हणून तो कामाला बिलगत नाही. बिलगतो ते कामातल्या कामामुळे: काहीतरी पार पाडलं, ते कोणीतरी ओळखलं, जबाबदारी मिळाली. १९६८ मधला त्यांचा लेख तर दहा लाखांहून जास्त प्रतींनी खपला. त्यात एक प्रयोग आहे. एका मोठ्या कंपनीत भागधारकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांचा. पत्र लिहायचं यांनी, तपासायचं साहेबाने, सही साहेबाची. बदल काय केला? कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने सही करायची, आणि अनुभवी कर्मचाऱ्यांच्या पत्रांची साहेबाकडून होणारी तपासणी शंभर टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणायची. सुरुवातीला कामगिरी घसरली. नंतर ती इतरांच्या बरीच पुढे गेली.

आमच्याकडे सिंगल विंडो आली तेव्हा मी हेच बघितलं, फक्त तेव्हा हर्झबर्ग माहीत नव्हते. आधी एका चेकला किती हात लागायचे! टोकन एकाने द्यायचं, लेजरला दुसऱ्याने चढवायचं, सही तिसऱ्याने जुळवायची, पैसे चौथ्याने. गिऱ्हाईक कोणाचंच नाही. सिंगल विंडोत ठरावीक रकमेपर्यंतचा चेक क्लार्कने स्वतः पास करायचा, वर पाठवायचा नाही. पहिले काही आठवडे सगळे धास्तावलेले, पाचशेच्या चेकलाही “मॅडम, एकदा बघता का” म्हणत यायचे, रांग दारापर्यंत. हळूहळू ते येणं थांबलं. एक बाई होती, वर्षानुवर्षं टोकन वाटलेली. ती सहीच्या नमुन्यांवर भिंग घेऊन बसायला लागली, आणि एकदा तिने खोटी सही पकडली, जी माझ्या नजरेतून सुटली असती. त्या दिवशी तिने सगळ्या शाखेला वडापाव दिला. पाठीवर थाप मारायला कोणी सांगितलं नव्हतं.

तरी पगाराला हर्झबर्ग जिथे बसवतात तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. इंजिनिअरांना आणि अकाउंटंटांना विचारून पगाराचं मोल ठरवणं सोपं आहे. शिवाय चांगलं झालं तर माझ्यामुळे, वाईट झालं तर कंपनीमुळे, असं माणूस सांगणारच. व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञांनी हाच आक्षेप तेव्हा घेतला होता. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ‘पैसा ही खरी प्रेरणा नव्हे’ हे वाक्य कंपनीच्या तोंडून ऐकवत नाही. ते बहुधा पगारवाढीच्या बोलण्यांआधीच कानावर येतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, डॉक्टर सामंतांचं नेतृत्व होतं, हे सगळं आपल्या वाचकांना पाठ आहे. त्याबद्दल मी नव्याने काही सांगणार नाही. मला सांगायचंय ते मारी यहोदा या मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल.

व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव. गावाचं पोट एका कापड गिरणीवर. मंदीत ती बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. यहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले. एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता: नुसतं बघायला म्हणून कोणी गावात जायचं नाही. कोणी कपडे गोळा करून वाटले, कोणी शिवणवर्ग घेतला, डॉक्टर आणला, आणि ते करता करता बघितलं. काय बघितलं? घड्याळ लावून मुख्य रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष रमतगमत, पुन्हा पुन्हा थांबत चाललेले. बायका भराभर, कारण त्यांचं काम काही बंद पडलं नव्हतं. गावच्या वाचनालयाची वही काढली. माणसं दिवसभर मोकळी, तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलेलं. दिवसभरात काय केलं ते लिहा म्हटलं तर पुरुषांना सकाळ आणि जेवण यांच्या मधलं काही आठवेना.

भाचीच्या गठ्ठ्यात हे वाचलं आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाबा गिरणीतून सुटले की हातपाय न धुता आधी चाळीच्या वाचनालयात जायचे. पेपर उभ्यानेच वाचायचा, कारण बाकावर बसलं तर कापसाची कुसं लागतात म्हणून म्हातारे ओरडायचे. साच्यांच्या खडखडाटाने कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बातमीवर त्यांची मतं सगळ्या चाळीला कळायची. संपाचे पहिले महिने हे आणखी वाढलं. सभा, मोर्चे, पेपर सकाळी आणि संध्याकाळी. मग कधीतरी ते वाचनालयात जायचे थांबले. वेळ तर पुष्कळ होता. आई म्हणायची, जरा जाऊन पेपर तरी वाचा. रॉकेल आणायला गेले तर दुपार करायचे. नाक्यावर उभे, पुढच्या नाक्यावर उभे. आईने तोवर बँकेतल्या, कचेरीतल्या लोकांचे जेवणाचे डबे करायला घेतले होते. ती चालायचीच नाही, पळायची. मला वाटायचं, बाबा आळशी झाले. घरातल्या सगळ्यांनाच वाटायचं आणि ते त्यांना कळायचं.

यहोदा नंतर सांगत राहिल्या की काम पगाराशिवायही बरंच काही देतं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण एकत्र काही करतोय ही जाणीव, समाजातलं स्थान, हाताला रोजचा उद्योग. हे त्यांनी व्यवस्थापनाच्या परिषदेसाठी शोधलेलं नव्हतं. १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारने त्यांना समाजवादी चळवळीपायी तुरुंगात टाकलं, पुढच्या वर्षी देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये त्यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली आणि ससेक्स विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ही कारकीर्द चौकटीत बसणार नाही, मान्य. अर्धं पान द्या.

आपल्याकडची उदाहरणं हवी असतील तर तीही आहेत, आणि ती छापली नाहीत याचं मला जास्त वाईट वाटलं. कमला चौधरी. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्रात डॉक्टरेट. थिओडोर न्यूकम यांच्याबरोबर १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास अजून वाचला जातो: गटाचे पुढारी आपल्या माणसांचं मत इतरांपेक्षा अचूक ओळखतात, पण गटाच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नांपुरतंच. (आमच्या विभागीय साहेबांना हे मी पाठवायला हवं होतं.) परत येऊन त्या कुठे गेल्या? अहमदाबादला, कापड गिरण्यांच्या संशोधनासाठी विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९४७ मध्ये निघालेल्या ‘अतिरा’ या संस्थेत. सूत आणि रंग तपासणाऱ्यांच्या त्या संस्थेत त्यांनी गिरणी कामगारांच्या मनाचा अभ्यास करणारा विभाग सांभाळला. पुढे आयआयएम अहमदाबाद उभी राहिली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या प्राध्यापक त्याच.

त्याच सुमाराला, १९५३ मध्ये, अहमदाबादच्याच कॅलिको मिलमध्ये माणसांचा आणि त्यांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस आले होते. नवे स्वयंचलित साचे बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. २२४ साचे, २९ कामगार, आणि त्यांच्यात बारा प्रकारची कामं. कोणी फक्त तुटलेला धागा जोडणार, कोणी फक्त कांड्या भरणार, कोणी तेल घालणार, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे साचे. एखादा साचा बिघडला तर तो कोणाचा, याला उत्तर नाही. राइस यांनी सुचवलं, छोटे गट करा, गटाला ठरावीक साचे द्या, आपसात काम ठरवू द्या. कामगारांनी आणि मुकादमांनी ती कल्पना इतक्या झटकन उचलली की गट कोणाकोणाचे ते त्यांनीच बसवलं. उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला. साचेवाल्याच्या मुलीला यात नवल वाटलं ते एवढंच, की कोणीतरी विचारलं. बाबांच्या खात्यात विचारायला यायचा तो टाइमकीपर, आणि त्याचा प्रश्न एकच असायचा.

आता आजचं. मोठ्या कंपन्यांत, बँकांतही, दरवर्षी कर्मचाऱ्यांचा सर्व्हे होतो. नाव लिहायचं नाही, मोकळेपणाने सांगा. आमच्याकडेही झाला. नाव खरंच नव्हतं. पण शाखेचा कोड, हुद्दा, वयोगट, स्त्री की पुरुष हे सगळं होतं. आमच्या शाखेत पन्नाशीच्या पुढची बाई-अधिकारी मी एकटी. मी काय मोकळेपणाने सांगणार? सगळीकडे ‘सहमत’वर टिचकी मारली आणि चहा घेतला. मग वरून पत्र आलं की आपल्या विभागात कर्मचाऱ्यांचं समाधान उत्तम आहे. भाचीला हे सांगितल्यावर ती खरोखर चिडली. म्हणाली, आम्हाला हे पहिल्या सत्रात शिकवतात, तीन-चार माणसांच्या गटाचे आकडे वेगळे काढायचेच नाहीत. ज्याने तो फॉर्म केला त्याला एक तर हे माहीत नव्हतं किंवा चांगलंच माहीत होतं.

तिचा स्वतःचा प्रबंध घरपोच सामान देणाऱ्या मुलांवर आहे. पवईला एका पुलाखाली त्यांच्या गाड्या लागतात, तिथे ती पाण्याची बाटली आणि वही घेऊन जाते. मोबाइलमधलं ॲप त्यांना दिवसभर खुणावत असतं, अजून एवढ्या ऑर्डर केल्या की एवढे जास्त मिळतील. तिने विचारलं, काम कशाने बरं होईल? तिला वाटलं, पैसे म्हणतील. तेही म्हणाले. पण एक मुलगा म्हणाला, कुठे जायचंय ते ऑर्डर घ्यायच्या आधी दिसलं तरी पुरे. आणि दुसरा म्हणाला, लघवीला जायला जागा. कुठे जायचं ते आधी कळणं, म्हणजे काम घ्यायचं की नाही ते आपलं आपण ठरवणं, हे उत्तर डेसींच्या खात्यात टाकता येईल, लघवीच्या जागेचं हर्झबर्गच्या. आणखी एक उत्तर, जे कोणीच दिलं नाही, ते असं की वैताग सांगायला त्यांना माणूसच नाही, समोर फक्त पडदा आहे.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. कापायचं झाल्यास हर्झबर्ग कापा, यहोदा ठेवा.

एवढं लिहायला बसले त्याला निमित्त शेजारच्या विंगमधल्या एका आईचं. त्यांची मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. तुमची चौकट कापून त्या माझ्याकडे आल्या आणि विचारू लागल्या, एम. ए.ची दोन वर्षं घालवण्यापेक्षा हिला वक्तृत्वाच्या क्लासला घालू का? मुलगी अबोल आहे म्हणून त्यांना काळजी. मी त्यांना सांगितलं, अबोल आहे ते उत्तम, या कामात ऐकायचंच असतं. हजेरीपट वाचता यायला हवेत, संख्याशास्त्राची भीती नको, कामगारांची पाळी (शिफ्ट) सुरू होताना जाऊन ती सुटेपर्यंत एका जागी बसता आलं पाहिजे, आणि साहेबाला न आवडणारा अहवाल सभ्य भाषेत लिहिता आला पाहिजे.

तेव्हा पुढच्या पुरवणीत ती चौकट नव्याने छापावी ही विनंती. कालिन्याच्या विभागातल्या, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या शिकवणाऱ्यांशी बोलावं. प्रवेशासाठी काय लागतं, फी किती, जागा किती हे त्यांच्याकडून घेऊन द्यावं. एखाद्या कंपनीत या विषयाचं काम करणारीला विचारावं की शेवटचं कधी तिने बक्षिसाची योजना नको म्हणून सांगितलं, आणि पुढे काय झालं. पगाराचा आकडा गाळा असं मी म्हणत नाही, तोही छापा. फक्त त्याच्या शेजारी हे छापा की तो पगार देतं कोण: कामगार, कंपनी, विद्यापीठ की सरकार. मुलींना निवड करायला ते कळलेलं बरं.

नाव छापू नये. पेन्शन त्याच बँकेत जमा होते.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी, परळ, मुंबई